स्वारोव्स्की क्रिस्टल वर्ल्ड्स, वाटेन्स: एका दिवसाच्या ट्रिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रियातल्या या जागेबद्दल तीन प्रकारचे लोक सतत विचारत असतात. एक म्हणजे मे महिन्यात युरोपच्या ग्रुप टूरवर निघालेले, दुसरे म्युनिक-झुरिककडे नोकरीला असलेले, आणि तिसरे भारतातून आलेल्या आई-बाबांना कुठे फिरवायचं या विचारात पडलेले. प्रश्न बरेचसे तेच असतात म्हणून सगळे इथे एकत्र टाकलेत, साध्यापासून किचकटापर्यंत. तिकिटाचे दर आणि उघडण्याच्या वेळा बदलत राहतात, तेवढ्या मात्र निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघूनच घ्या.

१. हे नक्की आहे काय? म्युझियम, बाग की दुकान?

तिन्ही. पण कुठलं आधी धरता त्यावर तुमचा दिवस कसा जाणार ते ठरतं. क्रिस्टल बनवणारी स्वारोव्स्की कंपनी १८९५ साली सुरू झाली, तिला शंभर वर्षं झाली म्हणून १९९५ मध्ये व्हिएन्नाचा कलाकार आंद्रे हेलर याच्याकडून ही जागा करून घेतली. त्याने गोष्ट अशी रचली की एक राक्षस जगभर फिरून खजिने गोळा करून वाटेन्सला विसावायला आला, म्हणून दारातच गवताने झाकलेलं राक्षसाचं मोठ्ठं डोकं आहे, डोळे चमकणारे आणि तोंडातून धबधबा पडतोय. त्याच्या पोटात, म्हणजे जमिनीखाली, सतरा-अठरा दालनं आहेत आणि प्रत्येक दालन वेगवेगळ्या कलाकाराने क्रिस्टल वापरून केलंय. वर साडेसात हेक्टरची बाग आहे. दुकान शेवटी लागतं. फक्त दुकान म्हणून गेलात तर 'एवढ्यासाठी तिकीट काढलं?' असं होईल, कलाप्रदर्शन म्हणून गेलात तर दोन तास पुरणार नाहीत.

२. वाटेन्स कुठे आलं? नकाशात पटकन सापडत नाही.

ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात, इन नदीच्या खोऱ्यात, इन्सब्रुकपासून पूर्वेला १७-१८ किलोमीटर. गाव छोटंसं आहे, दोन्ही बाजूंना डोंगर. एका दिवसात जमण्यासारखी शहरं म्हणजे इन्सब्रुक (अगदी आरामात), म्युनिक आणि साल्झबुर्ग (सकाळी लवकर निघालात तर). झुरिकहून इन्सब्रुकलाच ट्रेनने साडेतीन तास लागतात, म्हणजे जमतं पण दिवस गाडीतच जातो. व्हिएन्नाहून चार तासांच्या वर, त्यामुळे तिथून डे ट्रिप करू नका, इन्सब्रुकला एक रात्र राहा.

३. पण हे खरे स्फटिक नाहीत ना, काचच आहे ना शेवटी?

हो, काचच. जमिनीतून खणून काढलेलं खनिज नाही, कारखान्यात बनवलेली आणि अचूक पैलू पाडलेली काच. ही अचूकताच त्यांची खरी कमाई. डॅनियल स्वारोव्स्की १८६२ साली बोहेमियात जन्मला, तो भाग त्याच्याही आधीपासून काचेच्या धंद्यासाठी प्रसिद्ध, तिथे पैलू हाताने पाडायचे. त्याने विजेवर चालणारं पैलू पाडायचं मशीन काढलं, १८९२ मध्ये पेटंट घेतलं आणि तीन वर्षांनी सगळं बाडबिस्तर उचलून वाटेन्सला आला, कारण इथे डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर वीज मिळत होती आणि नक्कल करणारे धंदेवाले लांब राहत होते. पूर्वी या काचेत शिसं असायचं, २०१२ पासून त्यांनी बिनशिशाची काच आणली.

खरे खनिज स्फटिकच बघायचे असतील तर त्यासाठी युरोपला जायची गरज नाही. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले अपोफिलाइट, स्टिल्बाइट असे झिओलाइट गटाचे आणि त्यांच्या जोडीचे स्फटिक तिथे आहेत, शिर्डीला जाताना सहज होतं. दोन्हीची तुलना करण्यात अर्थ नाही, एक निसर्गाचं आणि एक माणसाच्या हाताचं, पण वाटेन्सला 'नॅचरल आहे का' असं विचारत फिरणारे खूप भेटतात म्हणून लिहिलं.

४. किती वेळ ठेवावा?

दालनं दीड तास, बाग दीड तास, खाणं आणि दुकान धरून एकूण चार तास. लहान मुलं असतील तर पाच, कारण ती प्लेटॉवरमधून, म्हणजे खेळायच्या मनोऱ्यातून, बाहेर येत नाहीत (प्रश्न १२). बंद व्हायच्या तासभर आधी पोचून पळत पळत बघायचा प्लॅन करू नका. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बराच आधी थांबतो, आणि बाग बघायची राहून जाते ती वेगळीच.

५. आमच्या ग्रुप टूरमध्ये फक्त दीड तास दिलाय. काय बघू, काय सोडू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खरं सांगायचं तर दीड तास हा अन्यायच आहे, पण बसमधल्या पन्नास माणसांना संध्याकाळी हॉटेलवर जेवायला पोचवायचं असतं त्याला टूर मॅनेजर तरी काय करणार. तर असं करा. बसमधून उतरल्यावर सगळे राक्षसाच्या तोंडासमोर ग्रुप फोटो काढत उभे राहतात, तुम्ही तो फोटो शेवटी काढा. आधी सरळ दालनांत जा, पहिल्या निळ्या हॉलमध्ये गर्दी असेल तर तिथे अडकू नका, प्रश्न ९ मधली दालनं नीट बघा आणि बाकीच्यांतून चालत राहा. साधारण पाऊण तासात बाहेर पडाल. मग वीस-पंचवीस मिनिटं बागेतल्या क्रिस्टल क्लाउडसाठी (प्रश्न १०). दुकानाला उरेल तो वेळ. नेमकं उलटं होतं, लोक पाऊण तास दुकानात घालवतात आणि क्लाउड बघायचा राहून गेला म्हणून नंतर हळहळतात.

बुकिंग करताना 'एंट्रीसह' की 'फोटो स्टॉप' एवढं मात्र विचारून घ्या. काही टूर्समध्ये तिकीट धरलेलं नसतं, बाहेरून राक्षस बघायचा आणि दुकानात जायचं, एवढंच असतं.

६. तिकीट किती? इन्सब्रुक कार्ड घ्यावं का?

मोठ्यांचं तिकीट वीस-पंचवीस युरोच्या आसपास असतं, मुलांना कमी, अगदी लहानांना फुकट. ऑनलाइन काढलेलं बरं, विशेषतः जुलै-ऑगस्ट आणि ख्रिसमसच्या सुट्टीत.

इन्सब्रुक कार्ड २४, ४८ आणि ७२ तासांचं मिळतं, त्यात क्रिस्टल वर्ल्ड्सचा एक प्रवेश, इन्सब्रुकहून जाणारी शटल बस, नॉर्डकेटेची (शहरालगतचा डोंगर) केबल कार आणि शहरातली म्युझियम्स येतात. हिशोब सोपा आहे: फक्त वाटेन्सला जायचं असेल तर कार्ड महाग पडतं. त्याच चोवीस तासांत नॉर्डकेटेवर पण जाणार असाल तर कार्ड घ्याच, तिथली केबल कार एकटीच चांगली महाग आहे. आणि चोवीस तास म्हणजे तारीख नव्हे, पहिल्यांदा वापरल्यापासून चोवीस तास, त्यामुळे दुपारी सुरू केलंत तर दुसऱ्या दिवशीची सकाळ पण त्यातच मिळते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

७. इन्सब्रुकहून कसं जायचं?

सगळ्यात सोपी शटल बस, मुख्य रेल्वे स्टेशनवरून निघते आणि थेट दारात सोडते, साधारण अर्ध्या तासात. फेऱ्या मोजक्याच असतात, परतीची वेळ आधीच फोनमध्ये फोटो काढून ठेवा. तिरोलच्या साध्या रिजनल बसनेही जाता येतं. तिसरा पर्याय लोकल ट्रेन, स्टेशनचं नाव फ्रिट्झेन्स-वाटेन्स. ट्रेन वीसेक मिनिटांत पोचते, पण स्टेशन नदीच्या पलीकडच्या काठावर आहे, तिथून पूल ओलांडून गावातून चालत अर्धा तास धरा. हवा छान असेल तर चालायला मजा येते, आई-बाबा बरोबर असतील किंवा पाऊस असेल तर शटलच.

८. आम्ही म्युनिकला राहतो. सकाळी जाऊन रात्री परत येता येईल का?

येईल. दोन मार्ग आहेत. पैसे जास्त आणि वेळ कमी हवा असेल तर म्युनिकहून इन्सब्रुकची लांब पल्ल्याची थेट ट्रेन घ्या, पावणेदोन तासांच्या आसपास, आणि तिथून प्रश्न ७ प्रमाणे. या गाड्या फ्रिट्झेन्स-वाटेन्सला थांबत नाहीत, वाटेत गाव दिसलं म्हणून उतरायची घाई करू नका.

स्वस्तात हवं असेल तर रिजनल ट्रेनने कुफश्टाइनला जा आणि तिथून तिरोलची लोकल पकडा. बायर्न टिकेट (बव्हेरियाचा एका दिवसाचा पास) आणि डॉइचलांड टिकेट (जर्मनीभरचा महिन्याचा पास) दोन्ही कुफश्टाइन स्टेशनपर्यंत चालतात, पुढे ऑस्ट्रियाचं वेगळं तिकीट काढावं लागतं. ते ओबीबीच्या (ऑस्ट्रियाची रेल्वे) ॲपवर दोन मिनिटांत निघतं, पण काढावंच लागतं, 'जर्मनीचं तिकीट आहे की' हे टीसीला पटत नाही. बायर्न टिकेट सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच सुरू होतं, म्हणजे कामाच्या दिवशी पोचेपर्यंत दुपार होते. शनिवार-रविवारी हा त्रास नाही.

आणि पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड बरोबर ठेवा, फोटो नाही, मूळ. शेंगेन असलं तरी जर्मनीत परत येताना ट्रेनमध्ये पोलीस चढून तपासतात.

९. आत सतरा-अठरा दालनं आहेत म्हणता, कुठली चुकवायची नाहीत?

दालनं अधूनमधून बदलतात, एखादं डागडुजीसाठी बंद असतं, त्यामुळे ही यादी दगडावरची रेघ समजू नका. माझी आवड सांगतो.

पहिल्या निळ्या हॉलमध्ये सेंटेनार ठेवलाय, हाताने पैलू पाडलेला प्रचंड क्रिस्टल, तीन लाख कॅरेटच्या वर, वजन ६२ किलो, आणि कंपनीच्या शंभर वर्षांसाठी म्हणून बरोब्बर शंभर पैलू. इथेच दाली, वॉरहॉल, कीथ हॅरिंग अशा मंडळींचं कामही आहे, लोक सेंटेनारसमोर सेल्फी काढून पुढे जातात आणि बाजूला दालीचं काम आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

क्रिस्टल डोममध्ये वर-खाली-आजूबाजूला ५९५ आरसे लावलेत. आपण एखाद्या क्रिस्टलच्या पोटात उभे आहोत असं वाटावं ही कल्पना. रंग बदलत जातात, आणि सगळ्या आरशांत तुम्ही दिसत नाही, काहींच्या मागे वस्तू लपवल्यात, प्रकाश बदलला की त्या दिसायला लागतात. एका जागी तीन-चार मिनिटं उभं राहिल्याशिवाय हे कळत नाही, आणि तेवढं कोणी थांबत नाही.

सायलेंट लाइट हे टोर्ड बोंट्ये आणि अलेक्झांडर मॅक्वीन या डिझायनरांनी केलेलं क्रिस्टलचं झाड, मूळ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसाठी २००३ मध्ये केलेलं. जपानी कलाकार यायोई कुसामाचं आरशांच्या खोलीतलं फिरतं झुंबर आहे. खोली लहान, एका वेळी थोडेच लोक, म्हणून रांग लागते, पण रांगेत उभं राहण्यासारखं काही असेल तर हेच. आइस पॅसेजमध्ये अंधाऱ्या बोळात पाऊल टाकलं की पायाखाली प्रकाशाच्या भेगा पडत जातात आणि बर्फ तडकल्याचा आवाज येतो, पोरंच काय आजोबाही तिथे मागे येऊन परत चालतात.

आपल्यासाठी खास दोन गोष्टी. दिल्लीचा फॅशन डिझायनर मनीष अरोराने केलेलं 'रेडी टू लव्ह' हे दालन, गुलाबी, हृदयं, झगमगाट, काही जणांना फार भडक वाटतं, मला तर ऑस्ट्रियन शांततेत तेवढा भडकपणा बरा वाटतो. आणि 'फामोस' या दालनात ब्लू नोजेस नावाच्या रशियन कलाकारांनी क्रिस्टलचे पिरॅमिड, लेनिनची समाधी, एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि ताजमहाल केलेत. ते नुसते शोभेचे नाहीत, जवळ जाऊन आत डोकावा, आत व्हिडिओ चालू असतात, आणि ते चांगलेच खट्याळ आहेत.

१०. क्रिस्टल क्लाउड पावसात किंवा ढगाळ हवेत दिसतो का? सगळे म्हणतात उन्हातच बघा.

क्लाउड म्हणजे बागेत खांबांवर टांगलेले तारेच्या जाळीचे ढग, १४०० चौरस मीटर पसरलेले, त्यावर हाताने लावलेले आठ लाख क्रिस्टल आणि खाली काळ्या पाण्याचं तळं. काओ-पेरो या जोडीने २०१५ मध्ये केलं. उन्हात लखलखतो हे खरं, पण भर दुपारी डोळ्यांवर येतो आणि फोटोत नुसते पांढरे ठिपके दिसतात. माझं मत विचाराल तर ऊन कलतं तेव्हा किंवा अंधार पडल्यावर, तळ्यात खाली चांदणं पडल्यासारखं दिसतं. पाऊस रिमझिम असेल तर थेंब आणि क्रिस्टल यातला फरक कळेनासा होतो, तेही छान. एकच हवा वाईट, ती म्हणजे सपाट राखाडी ढगाळ दुपार. तेव्हा जवळ जाऊन एखादाच ढग निरखून बघा, लांबून काही खास दिसत नाही.

११. वर्षातला कुठला काळ चांगला?

मे ते सप्टेंबर बाग पूर्ण बघायला मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून आधी बाग आणि मग दालनं. हिवाळ्यात लाइट फेस्टिव्हल असतो, बाग दिव्यांनी सजवतात आणि पाचच्या आधी अंधार पडत असल्यामुळे फार उशिरापर्यंत थांबावं लागत नाही, मला तर हाच काळ जास्त आवडतो. फक्त थंडी उणे अंशात जाते, मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी 'तासाभराचाच प्रश्न आहे' म्हणून साध्या बुटांत येऊ नये. फेस्टिव्हलच्या आधी काही दिवस जागा बंद ठेवतात, नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांनी कॅलेंडर बघावंच.

१२. मुलं कंटाळतील का?

चार ते बारा वयाची अजिबात नाही. स्नोहेटा या नॉर्वेच्या आर्किटेक्ट फर्मने केलेला प्लेटॉवर आहे, चार मजली, आत चढायला १४ मीटर उंच जाळं, मुलं आत गेली की हाक मारून बाहेर येत नाहीत. बागेत हाताच्या पंजाच्या आकाराचा भूलभुलैया आहे. जेमे आयोन या स्पॅनिश डिझायनरचं काळं-पांढरं कॅरोसेल आहे, दीड कोटी क्रिस्टल लावलेलं. मोजे आठवणीने घालून न्या.

त्रास होतो तो दोन-तीन वर्षांच्या मुलांना. काही दालनं एकदम काळोखी, आवाज अचानक येतात, यांत्रिक बाहुल्या हलतात. रडायला लागलं तर पटपट पुढे जा, आणि बाबागाडी असेल तर प्रश्न १३ वाचा.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं काही सांगता येत नाही, ती फोटो काढत राहतात किंवा वायफायचा पासवर्ड विचारतात.

१३. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, व्हीलचेअर चालेल का?

हो, लिफ्ट आणि रॅम्प आहेत, बाबागाडीही जाते. चालणं मात्र भरपूर आहे आणि दालनांत बसायला फार जागा नाहीत, त्यामुळे एरवी व्हीलचेअर लागत नसली तरी तिथली मागून घ्यायला लाजू नका. आपल्या आयांचं 'मला काही नको, मी हळूहळू चालते' हे तिसऱ्या दालनापर्यंत टिकतं.

गुडघ्यापेक्षा काळजी चक्करची करा. ज्यांना व्हर्टिगोचा त्रास आहे किंवा लुकलुकत्या प्रकाशाने फिट येऊ शकते त्यांनी आरशांचा डोम आणि प्रकाशाची दालनं टाळावीत, कुठली ते काउंटरवर विचारलं तर सांगतात. अंधारातून प्रकाशात येताना डोळे दिपतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर गॉगल बरोबर असू द्या.

१४. फोटो काढू देतात का?

स्वतःपुरते, फ्लॅश आणि ट्रायपॉड न वापरता, हो. एखाद्या दालनात मनाईची पाटी असेल तर पाळा. आरशांच्या खोलीत फ्लॅश मारला तर फोटोत फक्त फ्लॅशच येतो, त्यामुळे नियम नसता तरी उपयोग नव्हता. ड्रोन अजिबात नाही.

१५. शाकाहारी जेवण मिळेल का? जैन? उपवास असेल तर?

आवारात डॅनियल्स नावाचं रेस्टॉरंट आहे, शाकाहारी पदार्थ मिळतात, केक-कॉफीही चांगली. पण शाकाहारी म्हणजे काय याच्या त्यांच्या आणि आपल्या कल्पनांत फरक आहे, तिरोलमध्ये कुठेही जेवलात तरी एवढं माहीत असू द्या. केझश्पेट्झले म्हणजे चीजमधले छोटे नूडल्स, मांस नाही पण पिठात अंडं असतं. कायझरश्मार्न हा गोड पदार्थ, तोही अंड्याचा. कास्प्रेसक्नोडेल म्हणजे चीजचा गोळा, ऐकायला शाकाहारी, पण सूपमध्ये घातलेला आला तर ते सूप बहुतेक वेळा बीफच्या पाण्याचं असतं, इथे फसणारे खूप आहेत. ग्रोश्टल म्हणजे परतलेले बटाटे, त्यात बेकन असतं. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक' म्हणजे मांस नको, बेकन नको, एवढी दोन वाक्यं पाठ करा. अंडं नको असेल तर 'ओने आय'.

जैन मंडळींनी आणि चतुर्थी-एकादशीवाल्यांनी डबाच न्यावा. फ्रेंच फ्राइज चालतील असं वाटतं पण तेल बऱ्याचदा चिकनच्या कढईतलंच असतं. ठेपले, दशम्या, चिवडा बागेत बसून खाता येतो, आत दालनांत नाही. नळाचं पाणी डोंगरातलं, बिनधास्त प्या, बाटली विकत घेऊ नका. रविवारी ऑस्ट्रियात सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी सापडतात, म्हणून 'जाताना फळं घेऊ' हा प्लॅन रविवारी करू नका.

१६. तिथलं दुकान स्वस्त आहे का?

फॅक्टरी आउटलेट नाही. भलंमोठं आहे, भारतात न दिसणाऱ्या वस्तू आहेत, पण भाव साधारण युरोपातल्या कुठल्याही दुकानासारखेच. जे घ्यायचं आहे त्याचा भाव भारतातल्या साइटवर आधीच बघून ठेवा, मग टॅक्स रिफंड धरून (प्रश्न १७) किती फरक पडतो ते तिथेच कळतं. नातेवाइकांना द्यायला छोट्या वस्तू घेणार असाल तर बसमधल्या सगळ्यांबरोबर शेवटच्या दहा मिनिटांत घेऊ नका, बिलाच्या रांगेत उभं राहून घाम फुटतो.

१७. टॅक्स रिफंड कसा मिळतो? आमची टूर पुढे स्वित्झर्लंडला जाणार आहे.

एका बिलावर ७५ युरोच्या वर खरेदी झाली पाहिजे, काउंटरवर पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या, वस्तू वापरायला काढू नका. ऑस्ट्रियाचा व्हॅट २० टक्के आहे पण रिफंड कंपनी आपलं कमिशन कापून घेते, म्हणून हातात कमी येतात.

आता किचकट भाग. फॉर्मवर शिक्का युरोपियन युनियनमधून बाहेर पडताना घ्यायचा असतो आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी युनियनमध्ये नाही. तुमचं परतीचं विमान पॅरिस, रोम किंवा फ्रँकफर्टचं असेल तर काळजी नको, तिथल्या विमानतळावर वस्तू दाखवून शिक्का घ्या, बॅग चेक-इन करायच्या आधी. पण विमान झुरिकहून असेल तर झुरिक विमानतळावर ऑस्ट्रियाच्या फॉर्मवर शिक्का मिळणार नाही, तो ऑस्ट्रियातून स्वित्झर्लंडमध्ये शिरताना बॉर्डरच्या कस्टम्सवरच घ्यावा लागतो. बस तिथे थांबेल का हे टूर मॅनेजरला वाटेन्सलाच विचारा, बॉर्डर गेल्यावर विचारून काही उपयोग नाही.

१८. आम्ही जर्मनीत ब्लू कार्डवर (नोकरीचं परमिट) आहोत, पासपोर्ट भारतीय आहे. रिफंड मिळेल?

नाही. पासपोर्टवर नाही, राहण्याच्या पत्त्यावर ठरतं. पण भारतातून आलेल्या आई-बाबांच्या नावावर, त्यांच्या पासपोर्टवर खरेदी केली आणि त्यांनीच वस्तू भारतात नेली तर त्यांना मिळतो.

१९. कारने जातोय, टोल-पार्किंगचं काय?

पार्किंग मोठं आहे, ए-१२ मोटरवेवर वाटेन्सची एक्झिट आहे. ऑस्ट्रियात मोटरवेला विन्येट (टोलचा पास) लागतं, एक दिवसाचंही मिळतं. 'कुफश्टाइनला विन्येट लागत नाही' असं म्युनिकचे लोक सांगतात ते अर्धवट खरं आहे, सूट फक्त बॉर्डरपासून कुफश्टाइन-झ्यूड एक्झिटपर्यंत, वाटेन्स त्याच्या बरंच पुढे. इटलीहून ब्रेनरमार्गे येत असाल तर ए-१३ चा टोल वेगळा, विन्येटमध्ये धरलेला नाही.

२०. पैलू पाडतात तो कारखाना बघता येतो का?

नाही. कारखाना त्याच गावात आहे पण पर्यटकांसाठी उघडा नाही. मशीनची गुपितं जपण्यासाठीच तर तो माणूस या खोऱ्यात आला होता.

२१. त्याच दिवशी आणखी काय जोडता येईल?

इन्सब्रुकहून येत असाल तर वाटेत हाल हे जुनं गाव लागतं. तिथल्या टांकसाळीत (ती नंतर हासेग किल्ल्यात गेली) १४८६ मध्ये चांदीचं मोठं नाणं पाडलं, पुढे ज्या थालरवरून डॉलर आला त्या नाण्यांचा हा पूर्वज. ती चांदी जवळच्या श्वाझच्या खाणीतली, वाटेन्सच्या पुढे दहाएक किलोमीटर, खाणीत छोट्या ट्रेनने नेतात. हाल आणि वाटेन्स एका दिवसात मस्त होतं, मला स्वतःला नॉर्डकेटेपेक्षा ही जोडी जास्त पटते, कारण डोंगरावर ढग आले तर पैसे वाया आणि त्याच गडबडीत क्रिस्टल वर्ल्ड्सही उरकावं लागतं.

टूरवाले त्याच दिवशी इन्सब्रुकचं गोल्डन रूफ दाखवतात. सोन्याचा मुलामा दिलेले २६५७ तांब्याचे पत्रे, दिसायला तशी छोटीशी बाल्कनी, पंधरा मिनिटं पुरतात.

२२. म्युनिकहून इटलीला चाललोय, मधे बॅगा घेऊनच उतरून बघता येईल का?

मोठ्या बॅगा वाटेन्सपर्यंत ओढू नका. इन्सब्रुकच्या मुख्य स्टेशनवर लॉकर आहेत, सकाळी लवकर पोचलात तर मोठा लॉकर मिळतो, दुपारपर्यंत ते भरतात. बॅगा टाका, शटलने जाऊन या आणि संध्याकाळची ब्रेनरमार्गे वेरोनाकडे जाणारी ट्रेन पकडा. शटलची परतीची फेरी आणि पुढची ट्रेन यांत निदान तासभर ठेवा, कारण खोऱ्यातल्या मोटरवेवर शनिवारी, त्यातही उन्हाळ्याच्या सुट्टीत, अख्खं जर्मनी इटलीकडे निघालेलं असतं आणि बस त्याच रस्त्यावर अडकते. शनिवार असेल तर परत येताना शटल सोडा आणि फ्रिट्झेन्स-वाटेन्सहून लोकल धरा (चालण्याचं प्रश्न ७ मध्ये आहे).